दिवसातून सहा वेळा

नाकाच्या बाजूनं बुबुळावर चढत आलेलं मांस
म्हापशाला डॉक्टर लवंदेबाईंनी काढलं,
सोमवारी, वीस मिनिटांत.
"वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा घेऊन
उघड्या जागेवर चिकटवलाय.
टाके नाहीत. तुमच्याच रक्ताचा डिंक."
सगुण उरलेल्या डोळ्यानं हसला.
म्हणाला, बांध फुटला की आम्हीही हेच करतो, बाई,
वरच्या कोपऱ्यातला चिखल काढून खाली लिंपतो.
परक्या आगरातली माती आमच्यात धरत नाही.

मग त्यांनी काय काय नको ते सांगितलं.
ऊन नको, वारा नको, खारं पाणी नको,
वाकून ओझं नको, चोळणं तर नकोच.
आगरवाड्यात, ऐन माघात!
ही यादी ऐकून सासूबाई म्हणाल्या,
मग ह्याला देवळात नेऊन बसवा.

थेंब मी घालायचे. दिवसातून सहा वेळा.
पेज झाल्यावर, नुस्तं चिरायच्या आधी,
भरतीला मानशीचं दार पडायच्या वेळी.
लग्नाला एकतीस वर्षं झाली,
ह्या माणसाच्या डोळ्यात इतक्या जवळून
मी कधी पाहिलं नव्हतं.
पांढऱ्यात रक्त पसरलेलं, भिरंडाच्या आगळासारखं,
आणि मधोमध तो पापुद्रा,
फुगलेला, ओला, अजून कुणाचाच नसलेला.
"हलू नको," मी म्हणायची.
तो श्वाससुद्धा धरून ठेवायचा.

सहाव्या दिवशी मी तिसवाडीला, बहिणीकडे.
परत येते तर खाटेवर कोणी नाही,
काळा चष्मा उशीवर.
आगरात उभा होता. पाण्यावर मिठाची साय धरली होती
आणि म्हणे ती त्याला घरून ऐकू आली.
घाम डोळ्यात उतरला. टॉवेलनं पुसला. एकदाच, म्हणाला.
एकदा पुरतं. पापुद्र्याची कड दुमडली होती,
तव्यावर भाकरीची दुमडते तशी.

मी त्याला नको ते बोलले.
साय धरताना पाण्यात हात घातलास
तर पोराला काय करायचास तू?
त्यानं मान खाली घातली,
आणि मान खाली घालायचीही बंदी होती.

कड आपोआप बसली. पण तिसऱ्या आठवड्यात
तिथेच एक लाल गाठ उगवली, मिरीच्या दाण्याएवढी.
मी रात्रभर देवाला काय काय कबूल केलं
ते इथे लिहीत नाही.
डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका,
जखम भरायच्या घाईत जरा जास्तच भरलीय.
बधिर करून कात्रीनं टिपली.
शिवाय डोळ्यातला दाब वाढला होता,
माझ्याच थेंबांनी.
म्हणजे इतके दिवस मी घड्याळ लावून
इमानदारीनं तेच करत होते.
त्यांनी बाटली बदलली. पांढऱ्या झाकणाची गेली,
निळ्या झाकणाची आली.

"पुन्हा वाढेल?"
"वाढू शकतं. वर्षभर नजर ठेवा."

आता चैत्र. सगुण आगरात फळ्यानं मीठ ओढतो,
डोक्यावर रुंद टोपी, डोळ्यावर मोठा काळा चष्मा.
पोरं त्याला मोरजीचा फॉरेनर म्हणतात,
तोही हात हलवून इंग्रजीत काहीतरी ओरडतो.
बाटली संपली. तरी संध्याकाळी सहाला
माझा हात फडताळाकडे जातो.

काल तो पायरीवर पाय धूत होता.
चष्मा काढ, म्हटलं. दिव्याकडे बघ.
आता नाकाकडे.
हलू नको.
पांढरं बरंच पांढरं झालंय.
कोपऱ्यात एक शीर आहे, केसाएवढी,
बुबुळाच्या दिशेला.
परवा होती का?

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.
काही नाही, म्हटलं. उद्या पुन्हा बघते.