पौषातलं भरीत, बामणोद

पौष अर्धा सरला. पऱ्हाटीच्या जाळात
वांगी फुटताहेत, पण शेकायला
कुणी पुढे सरकत नाही.
डिगंबर भंगाळेची कानटोपी खिशात,
प्रमिलानं विणलेला लाल गोंडा
बाहेर लोंबतोय.

‘गव्हाचं काही खरं नाही.’
‘केळीला बरंय ना पण.’
बडगीतली मुसळी थांबते,
पुन्हा ठेचू लागते.

एरवी या रात्री
खांद्याला खांदा चिकटवून जेवायचो आम्ही,
कुणाची कळण्याची पुरी कुणाच्या पानात
कळायचं नाही.
आज जो तो आपलं पान घेऊन लांब,
मधे कोमट अंधार.

परतताना गल्लीच्या तोंडाशी
डिगंबर मोटारसायकल बंद करतो,
कपाळाचा घाम पुसतो,
टोपी कानांवर ओढून घेतो.

ओसरीवरचा दिवा अजून चालू आहे.