तांबी

फॉर्मवर एक ओळ होती, बोटभर:
इतर औषधे चालू असल्यास.
मी तिथे काहीच लिहिलं नाही.
नळस्टॉपचा दवाखाना, सतराजणी बसलेल्या,
आणि काउंटरवरची मुलगी प्रत्येकीचा फॉर्म
पोथीसारखा मोठ्यानं वाचत होती.

एकवीस गोळ्यांचं पाकीट मिळालं. घेतलं.

डॉक्टर दोन मला.
डोक्याचे नदीपलीकडे, रास्ता पेठेत.
बाकीची मी इकडे.
दोघांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नाही.
मधून मुठा वाहते, जलपर्णी पांघरून,
म्हात्रे पुलावरून फाइल ने-आण करते ती मी.

आधीची डोक्याची गोळी चार वर्षं घेतली.
ती बदलून आणायला गेले तेव्हा
चोरडिया केमिस्टनी चष्मा कपाळावर सारला,
बरं झालं ताई, तिच्यावर दिवस गेले असते तर...
डॉक्टरांनी सांगितलं असेलच म्हणा.

नव्हतं सांगितलं.
चार वर्षं पाळी आठ दिवस लांबली की
मी कालनिर्णयासमोर उभी राहायचे.
आशेनं की भीतीनं, आता आठवत नाही.
बाळाच्या कण्याबद्दल मला कुणी
अवाक्षर काढलं नव्हतं.

नवी गोळी पांढरी. हिच्यावर
मी कुकर लावते आणि शिट्ट्या मोजते.
रडू आलं तर त्याला कारण असतं.
तर ते एकवीसचं पाकीट सुरू झालं
आणि शिट्ट्या चुकायला लागल्या.
तीन आठवडे गाळात,
चौथ्या, रिकाम्या आठवड्यात
धायरी फाट्यावर उभ्याउभ्या गरगरायचं.
मी दोन महिन्यांची पानं शेजारीशेजारी ठेवली,
बोट ठेवत गेले. बरोबर जुळत होतं.

रास्ता पेठेतले म्हणाले, हो,
ती गोळी हिला रक्तात जवळजवळ अर्धी करते.
मला सांगायचंत ना.
मी म्हटलं, विचारायचंत ना.
मग दोघंही जरा वेळ
टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मेंदूकडे बघत बसलो.

दुसऱ्या खेपेला मी त्या ओळीवर लिहिलं.
नाव, मिलिग्रॅम, किती वर्षं, कशासाठी.
ओळ पुरली नाही,
अक्षरं खालच्या 'पतीचे नाव'वर चढली.
मुलगी वाचता वाचता अडखळली: लॅमो... काय हे?
मी उभी राहून सांगितलं, फोड करून,
आजारासकट.
शेजारच्या बाईनं पर्स
या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.
का, ते तिचं तिला माहीत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मग तांबी बसवू.
ती गोळ्यांच्या अध्यातमध्यात नसते.
सुरुवातीला रक्त जास्त जाईल, पोट दुखेल.
मूल हवंय पुढे?
माहीत नाही.
ठीक आहे, काढता येते.

काढता येते.
माझ्याबाबत आजवर कुणी
कशाबद्दलच असं म्हटलं नव्हतं.

दिगंबर मोटरी रिवाइंड करतो, गारमाळला.
जळकं कॉइल उपसताना वेढे मोजतो,
मोजल्याशिवाय नवी तार घालत नाही.
त्यानं ऐकून घेतलं, नखातलं वॉर्निश खरवडत,
आणि विचारलं,
किती गेजची असते गं तार?
मी हसले. मग तोही.
तो हसतानाही घाबरलेला होता.

सासूबाईंच्या देवघरात तांब्याची पळी आहे.
शुद्ध धातू, म्हणतात त्या.
मी मान डोलावली, पळी चिंचेनं घासून ठेवली.

रात्री दहाची पांढरी गोळी घेतली, आडवी झाले.
दुखतंय का? त्यानं अंधारात विचारलं.
दुखतंय.
पण कुठे, ते या वेळी
बोट ठेवून सांगता येतंय.
त्याचा हात घेतला,
बेंबीखाली चार बोटं मोजली.
इथे.