आतला खिसा

डायरीत शाळेची यादी: मोजे पांढरे, क्लिपा काळ्या,
नखांना रंग नको, मनगटाला दोरा नको.
स्कर्टच्या खिशाबद्दल काहीच लिहिलेलं नाही,
म्हणजे तोही नकोच.

रुवीतल्या शमसुल टेलरच्या कानात
शाल्मली काय कुजबुजली, मला ठाऊक नाही.
बिलात दोनशे बैसा जास्त लागले होते एवढं खरं.

आज शनिवार. उद्या शाळा, म्हणून इस्त्री.
करडं कापड उलटं केलं, तर आत
पिवळ्या फुलांच्या चिटाचा खिसा.
त्यात गाफच्या झाडाची वाळकी शेंग,
मत्राहच्या किनाऱ्याची चिमूटभर वाळू,
आणि मांजराची एक मिशी.
कुठल्या मांजराची, विचारणार नाही.

सगळं बशीत काढलं.
खिशावरून इस्त्री फिरवली, जरा जपूनच.
मग होतं तसं परत भरलं,
वाळूसुद्धा.