पत्ता : मागील दहा वर्षांचा

अंबाजोगाईच्या तहसीलसमोर, कडुलिंबाखाली माझं टेबल.
उत्पन्न, वारस, नावातला एखादा काना,
यावरच चोवीस वर्षं निघाली.
मंगळवारी ज्ञानोबा वाघमारे आले,
धारूरच्या डोंगरपट्ट्यातले,
मोबाइल दोन्ही हातांनी धरून.
"खलीलभाई, पोरीला तिकडं कायमचं ऱ्हायचंय.
कागद वापस आलाय. काय म्हणायलाय बघा."

पोरगी सुकेशिनी. नर्स.
दाखल्यावर सुकेसनी, आधारला सुकेशनी,
जन्म एक जूनचा,
गुरुजींनी अख्ख्या वर्गाला वाटला तोच.
हे काही नवं नाही. त्याला 'उर्फ' आहे, माझ्याकडं तयार मजकूर आहे.

पण खाली लिहिलं होतं :
दहा वर्षांचे सगळे पत्ते द्या, मध्ये एक दिवस मोकळा नको.
ऑक्टोबर ते एप्रिल, त्या वर्षी, आपण कुठे होता?
सहा महिन्यांवर राहिला असाल
तर तिथल्या पोलिसांचा दाखला जोडा.

ज्ञानोबा खाली बघत म्हणाले, "फडावर."

संभाजीनगरचा एजंट म्हणाला होता,
घरीच होती लिहा, कोण येतंय बघायला.
ऐंशी हजार घेतलेला माणूस
असंच बोलतो.
पोरगी फोनवर म्हणाली,
"काका, एक खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद.
आणि मी घरी नव्हते.
घरी कुणीच नव्हतं, कुलूप होतं."

मग आम्ही कॅलेंडर मांडलं.
दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर निघाला,
पाडव्यानंतर पट्टा पडला.
मी बोटांवर मोजलं, ज्ञानोबांनी पेरांवर.
पाच महिने सत्तावीस दिवस.
तीन दिवस कमी पडले म्हणून
एका परक्या जिल्ह्याचं पोलीस ठाणं वाचलं.
मी हसलो. ते हसले नाहीत,
म्हणाले, "मुकादम तीन दिवस आधी सोडत नव्हता,
भांडून आलो होतो."

पुरावा?
त्यांनी पिशवीतून पिशवी काढली, तिच्यातून वजनाच्या पावत्या,
रबर लावलेल्या, उंदरानं एक कोपरा खाल्लेल्या.
तारीख, वेळ, गाडी नंबर, टन.
टोळीच्या यादीत नाव : ज्ञानोबा तुळशीराम, एक कोयता.
एक कोयता म्हणजे दोन माणसं, हे तिकडच्या साहेबाला
कुठल्या कलमात सांगू?
त्या साली बायको आजारी,
म्हणून कोयत्याचा दुसरा अर्धा ही पोरगी.
तिचं नाव कुठंच नाही.

टायपिंगला बसलो.
मी ज्ञानोबा तुळशीराम वाघमारे, वय अंदाजे त्रेपन्न,
शपथेवर लिहून देतो की सदर कालावधीत माझी मुलगी
ऊसतोड टोळीसोबत राहत होती.
पत्ता :
इथं बोटं थांबली.
"काय लिहू?"
"कोपी."
"घर नंबर?"
"ओढ्याकडून चौथी."
तसंच लिहिलं. ओढ्याकडून चौथी कोपी.
इंग्रजीत कोपीला काय म्हणतात
ते तिकडच्या भाषांतरवाल्यानं बघावं, शिक्का त्याचाच चालतो, माझा नाही.

नोटरीची वाट बघताना त्यांनी विचारलं,
"कायमचं म्हणजे किती दिवस?"
"कार्ड पाच वर्षांचं. मग नवं करायचं.
आणि तिथं राहिल्याचे दिवस भरायला लागतात,
इकडं जास्त राहिली तर मोजतात ते."
"मायच्या मातीला आली होती, ते चाळीस दिवस बी?"
"ते बी."
त्यांनी चहाचा कप उलटा ठेवला.
"मग आपल्यासारखंच की," म्हणाले. "खाडे मांडतात."

झेरॉक्स झाल्यावर पावत्या परत दिल्या.
मूळ प्रत कुणालाच द्यायची नाही, हे मी सगळ्यांना सांगतो.
ते एकेक पावती पुन्हा लावत होते,
एका पावतीवर थांबले. रात्रीचे दोन चाळीस, तेरा टन.
"ही खेप भरली त्या दिवशी
तिच्या बारावीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती."

रबर दोनदा गुंडाळलं.
मी पुढच्या माणसाला बोलावलं.