बारा पायांचं घर

आमचं घर बारा खांबांवर उभं आहे.
खाली खाजणाचं पाणी येतं आणि जातं.
नऊ पायऱ्या.
आधी हाताने पाय उचलून खालच्या पायरीवर ठेवायचे,
मग आपण यायचं.
पुन्हा पाय. पुन्हा आपण.
पहिल्या पावसाळ्यात मी मोजत होतो, आता मोजत नाही.

त्या दिवशीची चौदावी टाकी होती.
किती खोल ते ठाऊक नाही,
खोली दाखवणारं घड्याळ कप्तानाकडेही नव्हतं.
शेवंडं वजनावर विकली जायची, श्वासावर नाही.
वर आलो, भात खाल्ला,
विल्फ्रेडच्या सिगारेटचे दोन झुरके घेतले,
आणि गुडघ्यांत मुंग्या आल्या.
मुंग्या येतात तशा जातात, वाटलं.
मुंग्या राहिल्या.
पाय गेले.

गाव म्हणतं, पाण्यातल्या बाईने धरलं,
शेवंडं तिची लेकरं, तू फार उचललीस.
शहरातला डॉक्टर म्हणाला, रक्तात बुडबुडे,
पाठीतल्या दोरीला गुदमरवून गेले.
मला दोन्ही पटतं.
मी बाई पाहिली नाही, बुडबुडाही नाही.

चर्चने खुर्ची दिली,
गुळगुळीत फरशीच्या देशात बनलेली.
आमच्या वाळूत ती चार बोटं रुतते
आणि हट्टी गाढवासारखी उभी राहते.
मी तिला सायकलची जाड चाकं बसवली.
तरी भरतीनंतर रुततेच.

नोर्लिडा रात्री दर दोन तासांनी माझी कूस बदलते,
डोळे न उघडता,
तव्यावरचा मासा उलटावा तशी.
एकदा मी तिला म्हणालो होतो,
मला धक्क्यावर ने आणि खुर्चीचा ब्रेक काढ.
तिने ऐकून घेतलं.
मग विचारलं, कसावा किसून देशील का,
माझे हात दुखतात.
मी किसला. रागाने, बोटाच्या सालीसकट.

दाढीचा आरसा आता टाचा बघायला लागतो.
लाल डाग दिसला की दिवसभर पालथं पडायचं.
नळी उकळायची, दिवसातून पाच वेळा,
हे पाद्रीबाबांसमोर बोलायचं नाही,
ते लगेच प्रार्थनेला बसतात.

मागच्या ओहोटीला घर एका बाजूला कलंडलं.
एक खांब कुजला होता.
माणूस लावायला पैसे नव्हते,
म्हणून मी घराच्या पोटाखाली चिखलात उताणा पडलो,
पटाशी घेऊन.
जन्मल्यापासून या घरात राहतोय
आणि त्याची खालची बाजू कधी पाहिली नव्हती.
प्रत्येक खांबाच्या डोक्याशी बापाने आकडा कोरलाय.
सहा, सात, आठ,
पुन्हा आठ,
नऊ.
शेवटचा बारावा, त्यावर अकरा लिहिलेलं.
मी इतका हसलो की वरून नोर्लिडा ओरडली,
पडलास का?
पडलेलाच होतो की.

दुसऱ्या आठाच्या जागी नवा खांब बसवायला
मला अकरा दिवस लागले.
धडधाकट माणसाला दोन लागले असते.
आकडा मी आठच कोरला.

विल्फ्रेड अजून बुडी मारतो.
बोट लागली की येऊन बसतो,
माझ्या पायांकडे बघायचं टाळतो,
मग बघतो.
मी त्याला सांगतो, हळू वर ये.
तो म्हणतो, कप्तानाला सांग.

दुपारी मी घराखाली बसतो, इंजिनं दुरुस्त करतो.
पाणी आत येतं, चाकांपाशी, मग पावलांवर.
ते मला डोळ्यांनी कळतं.
काल डेलीन किंचाळली, बाबा, खेकडा!
तो माझ्या डाव्या अंगठ्यावरून चालला होता,
अगदी निवांत,
एखाद्या ओंडक्यावरून जावं तसा.
मी पाना खाली ठेवला.
तिला म्हटलं, थांब,
त्याला पलीकडे जाऊ दे.