पेन्सिल बांधून ठेवली आहे

सोहारला, बंदराच्या फाट्यावर, मुकादमांच्या कॅफेटेरियात
करक चहाच्या थर्मासशेजारी
माझं पुस्तक ठेवलंय. अजून पुस्तक नाही म्हणा,
एकशे चौदा झेरॉक्स पानं, स्पायरलमध्ये अडकवलेली,
आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल.
बांधली, कारण पहिल्या दोन गेल्या.

शुक्रवारी या. चहा सांगा. वाचा.
‘छान आहे’ असं कोणी लिहू नका,
तेवढं माझी बायको फोनवर म्हणतेच,
न वाचता.

पान नऊवर तांडेलांनी लिहिलंय :
‘शमाल तुम्ही दक्षिणेकडून आणलाय. लाँच बुडवाल.’
वारा मी वळवून घेतला.
सिस्टर फिलोमिना म्हणतात,
‘ताप मोजताना आम्ही उसासे टाकत नाही. आकडा लिहितो.’
आणि कुणीतरी, अक्षर ओळखू येत नाही,
मेसच्या डाळीचं माझं पाऊणपानी वर्णन खोडून
एक शब्द ठेवलाय : पिवळी.
खरंय. पिवळीच होती.

मी टाइमकीपर. एकोणीस वर्षं हजेऱ्या भरल्या,
कोण आला, किती वाजता, कोणाचा खाडा.
वाटलं होतं, तेवढ्यावर भागेल.

मग पान एकसष्ट.
तिथे परांचीवरून एक जण पडतो.
त्याला मी निळा शर्ट दिला होता,
निळा त्या वाक्यात बरा दिसत होता.
समासात, मुंगीएवढं :
‘निळा नव्हता. चौकड्यांचा. माझा होता.
त्या सकाळी मागून नेला त्यानं.’
खाली सही नाही.

घरी येऊन जुनं रजिस्टर काढलं.
त्या तारखेला बत्तीस नावं,
बत्तिसांपुढे माझ्याच हातचं : हजर.

आता नवीन प्रत काढली आहे.
समास तीन बोटं वाढवला,
पान बासष्ट कोरं सोडलं.

चौकड्यांच्या शर्टवाले,
तुमची पाळी कुठली, कॅम्प कुठला, मला ठाऊक नाही.
इथे आहात की गावी गेलात, तेही नाही.
रात्रपाळी असेल तर मुकादम पहाटे चारला शटर उचलतात.
चहाचे पैसे देऊ नका, सांगून ठेवलंय.
बाकीच्यांनी कुठेही लिहा, त्या पानावर नको.

टोक करून ठेवलंय.
सुतळी आखूड पडली तर ओढा,
गाठ मी या वेळी सैल मारली आहे.