कारणाचा रकाना

सांगलीत पाणी फुटांत मोजतात.
आयर्विन पुलाशी किती झालं
हे चहाच्या गाड्यावरचं पोरगंही सांगतं,
चाळीस म्हटलं की बायका गहू माळ्यावर चढवतात.
मी मोजते ते पाणी कुणी विचारत नाही.
ते हवेत असतं, टक्क्यांत,
आणि नदीच्या आधी जिना चढून येतं.

गावभागातली दगडी इमारत, वरचा मजला,
चित्रं एकेचाळीस.
सकाळी अकरा, दुपारी चार:
तारीख, तापमान, दमटपणा, कारण.
पहिले तीन रकाने बघून भरता येतात.
चौथ्यापाशी पेन थांबतं.
'शाळेची सहल, ओल्या छत्र्या.'
'समोर हळदीची पोती उतरवली, खिडकी लोटली.'
'कारण कळले नाही.'

यंत्र जुनं, किल्लीवर चालणारं.
पितळी पिंपाला आठवड्याचा कागद गुंडाळलेला,
त्यावर निब,
आणि निबेला ओढणारा माणसाच्या केसांचा झुबका.
ओलाव्यानं केस लांबतो, कोरड्यानं आखडतो,
शाईची रेघ तेवढीच वरखाली.
कुणाचे केस, मी यल्लाप्पांना विचारलं होतं.
"कुणाचे का असंनात," म्हणाले,
"आपण विंचरायचे न्हाईत."

यल्लाप्पा हरिपूरचे. त्यांचा बाप पेवात उतरायचा.
पेव उघडलं की आधी दोरानं कंदील सोडायचा,
ज्योत जगली तर मग माणूस.
"खाली वर्सानुवर्सं एकच हवा, पोरी,
म्हणून हळदीला कीड न्हाई.
माणूस आत गेला की हवा बिघडलीच."
हे ते खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबत सांगायचे,
तेव्हा हळदीबद्दल बोलतायत की चित्रांबद्दल
ते मला नीट कळायचं नाही.
निवृत्त होताना त्यांनी किल्ली दिली,
सोमवारी, सात वेळा, आठवी नको.

त्या श्रावणात पुलाशी पन्नास ओलांडलं.
रात्री साडेआठला खालची गल्ली दारात उभी,
डोक्यावर गाद्या, गॅसच्या शेगड्या, एकाच्या हातात नुसता पंखा.
पाटीवर लिहिलंय: एका वेळी पंधरा.
मी पाटी उलटी केली.

तीन रात्री.
ओली लुगडी कठड्यावर वाळत,
वर निळ्या लुगड्यातली बाई पान लावत बसलेली,
चित्रकाराचं नाव कधीचं पुसलंय.
स्टोव्ह पेटवू दिला नाही.
मग दिला.
वीज नव्हती, पण पिंप फिरत होतं,
निब चढत होती, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी,
एकसष्ट जणांच्या झोपेतला श्वास
त्या कुणा अनोळखी बाईच्या केसांना लांबवत होता.
कांबळ्यांची शकू उठून म्हणाली,
"ताई, ती वही मिटा की आता."
मिटली. पण कंदील उचलून
सगळ्या कोपऱ्यांतून एकदा फिरले.
ज्योत ताठ होती.

पाणी उतरल्यावर पुण्याहून साहेब आले.
कागद उलगडून म्हणाले, "हा डोंगर कसला?"
मग भिंग लावून भिंतीशी बराच वेळ उभे.
निळ्या कोपरावरचा रंग सुटला होता,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
खालच्या फरशीवर मी तो शोधला होता, गुडघ्यांवर बसून.
गाद्यांबरोबर गेला असेल कुणाच्या तरी घरी.

आता भिंतीवर काडेपेटीएवढी पांढरी डबी आहे.
दर दहा मिनिटांनी आकडा परस्पर पुण्याला जातो.
तिला कारणाचा रकाना नाही.
सोमवारी मी तरीही किल्ली देते.

वहीत ते तीन दिवस मोकळेच होते.
परवा चार वाजता, हवा बरी असताना,
पेन काढलं आणि लिहिलं:
'माणसं. एकसष्ट.'
वही मिटली.
पुन्हा उघडून, नोंद पुरी असावी म्हणून,
'शेळ्या दोन, जिन्यात.'